परदेशी टपालाने कागदपत्रे पाठवताना सीमाशुल्क घोषणापत्र कसे भरावे

पुण्याहून कॅनडा, जर्मनी किंवा अमेरिकेला ट्रान्स्क्रिप्ट (विद्यापीठाने दिलेला गुणांचा एकत्रित अधिकृत उतारा), पदवी प्रमाणपत्र, मुखत्यारपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला पाठवणाऱ्यांनी सर्वप्रथम पाकिटात कागदांखेरीज दुसरे काही आहे का, हे पाहावे. सीमाशुल्काच्या दृष्टीने पाकीट दस्तऐवजाचे की वस्तूचे, हे त्याच्या जाडीवरून नव्हे, तर आत काय आहे यावरून ठरते. नुसते लिखित वा छापील कागद असतील तोवर प्रश्न सोपा असतो. त्यांच्यासोबत राखी, पेन ड्राइव्ह किंवा विकत घेतलेला दिवाळी अंक ठेवला, तर त्याची वेगळी नोंद करणे आवश्यक. प्रेमापोटी शकुनाची नोट सरकवण्याचा मोह मात्र पूर्णपणे टाळावा, कारण विमा न उतरवलेल्या पत्रात चलनी नोटा पाठवण्यास आंतरराष्ट्रीय टपाल नियमांची मनाई आहे.

घोषणापत्राचे दोन नमुने आहेत. ३०० एसडीआरपर्यंत, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककात तेवढ्या मूल्यापर्यंत, पत्रटपालातील वस्तूंसाठी सीएन २२ ही छोटी चिठ्ठी पुरते. त्याहून अधिक मूल्य असल्यास आणि पार्सलसाठी सविस्तर सीएन २३ लागतो. निव्वळ कागदांच्या साध्या पत्राला सहसा यांपैकी काहीच लागत नाही, परंतु स्पीड पोस्टसारख्या सेवेत काउंटरवर तपशील विचारला जातो, तेव्हा तो तयार असावा.

अर्जावर भेट, दस्तऐवज, नमुना, विक्रीचा माल असे प्रकार असतात. येथे ‘दस्तऐवज’ निवडावा. शुल्क लागणार नाही या समजुतीने कागदांना ‘भेट’ म्हणू नये. सर्वाधिक घोळ वर्णनाच्या रकान्यात होतो. नुसते ‘पेपर्स’ लिहिल्याने तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी इंग्रजीत ‘विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट, ४ पाने’ अशा अर्थाचे नेमके शब्द लिहावेत. मराठी वर्णन पुण्यातल्या काउंटरवर समजेल, टोरंटोच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याला नाही.

मूल्याबाबतही नीट विचार करावा. मूळ पदवी प्रमाणपत्र आपल्यासाठी कितीही मोलाचे असले, तरी ते बाजारात विकले जात नाही, म्हणून व्यापारी मूल्य नाही असेच नमूद करणे योग्य ठरते. हरवल्यास भरपाई मिळावी म्हणून येथे मोठा आकडा टाकणे चुकीचे आहे, कारण विमा हा वेगळा विषय आहे आणि त्या आकड्यामुळे प्राप्तकर्त्याकडे निष्कारण शुल्काची विचारणा होऊ शकते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून मोहोरबंद लिफाफा मिळाला असेल, तर तो न फोडता बाहेरच्या मोठ्या पाकिटात तसाच ठेवावा आणि आत काय आहे ते घोषणापत्रावर लिहावे. सोबत वस्तू जात असेल, तर तिचे वजन, मूल्य आणि शक्यतो सहा अंकी एचएस क्रमांकही (वस्तूचा प्रकार सांगणारा आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क क्रमांक) द्यावा. अमेरिका आणि युरोपीय संघ वस्तू असलेल्या टपालाची माहिती ते पोहोचण्यापूर्वीच इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागतात. त्यामुळे पाकिटावरील नाव-पत्ता आणि संगणकात नोंदवलेला नाव-पत्ता अक्षरशः जुळले पाहिजेत.

शेवटी तारीख घालून सही करावी. मजकूर खरा आहे आणि पाकिटात धोकादायक वा निषिद्ध वस्तू नाही, याची हमी त्या सहीने पाठवणारा देतो, म्हणून दुसऱ्या कोणी भरून दिलेला अर्जही आधी वाचावा. सिटी पोस्ट असो वा साधू वासवानी चौकाजवळील जीपीओ, जाताना ओळखपत्र न्यावे, पाकीट काउंटरवर पाहिले जाईपर्यंत चिकटवू नये आणि मागोवा क्रमांक असलेली पावती पोच मिळेपर्यंत जपावी.