आकडा बरोबर, जागा चुकली : एडीसीच्या बफरमधल्या या चुका टाळा

जालना-बीडकडच्या शिवारात रात्रीच्या थ्री फेज लाइटीवर बोअरची मोटार चालते, तेव्हा तिच्याजवळ कुणी नसतं. एक फेज गेली की कंट्रोलरनेच ती तोडायची. त्यासाठी त्यातला एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) तिन्ही फेजचा करंट मोजतो आणि आकडे बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या राखीव जागेत जातात. हा बफर गडबडला तर चांगली मोटार ट्रिप होते, नाहीतर गेलेली फेज दिसतच नाही आणि वाइंडिंग जळतं. मग लोक सीटी (करंट मोजणारे ट्रान्सफॉर्मर) बदलत बसतात.

आधी हिशेब. ५० हर्ट्‌झची एक सायकल २० मिलिसेकंदांची. दर फेजला ६४ सॅम्पल, आर, वाय आणि बी तिन्ही मिळून १९२. हे आकडे प्रोसेसरशिवाय थेट मेमरीत लिहितो तो डीएमए; शेवटाला पोचून परत सुरुवातीपासून लिहितो तो सर्क्युलर. त्यासाठी दोन सायकली, म्हणजे ३८४. सोयीचं म्हणून २५६ घेतलं तर ते ३ च्या पटीत नसल्याने दुसऱ्या फेरीत आर फेजच्या जागी वाय येऊन बसते.

एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरच्या एचएएल लायब्ररीत डीएमए सुरू करताना लांबी सॅम्पलच्या संख्येत द्यायची. साइझऑफ (बाइटमधली लांबी) दिलं तर १६ बिटी अ‍ॅरेसाठी ७६८ जातात आणि डीएमए शेजारच्या व्हेरिएबलांवर लिहीत सुटतो. बफर फंक्शनच्या आत, स्टॅकवरही (फंक्शनपुरत्या तात्पुरत्या जागेत) नको.

पूर्ण बफर भरल्यावर सगळा एकदम वाचू नका. तुम्ही वाचता तोवर डीएमए सुरुवातीपासून नवं लिहू लागलेला असतो. अर्धा भरल्याच्या इंटरप्टवर (प्रोसेसरला मिळणाऱ्या सूचनेवर) पहिले १९२ वाचा, पूर्ण भरल्यावर पुढचे १९२. हाताशी २० मिलिसेकंद असतात. आधीचं काम संपण्यापूर्वी नवा इंटरप्ट आला तर काउंटर वाढवा. तो शून्यच राहिला पाहिजे.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती कॅश, म्हणजे प्रोसेसरजवळची वेगवान तात्पुरती मेमरी. कॉर्टेक्स-एम७ प्रोसेसरमध्ये डेटा कॅश चालू असेल, तर डीएमएने लिहिलेलं प्रोसेसरला दिसेलच असं नाही, तो जुनेच आकडे वाचत राहतो. व्होलाटाइल लावून उपयोग नाही, ते फक्त कंपायलरला बांधतं. वाचण्याआधी तो अर्धा भाग इनव्हॅलिडेट करा, म्हणजे कॅशमधली त्याची जुनी प्रत रद्द करा. बफर ३२ बाइटच्या सीमेवर ठेवा, नाहीतर कॅशच्या त्याच ३२ बाइटच्या ओळीतल्या दुसऱ्या व्हेरिएबलची नवी किंमत पुसली जाते. इथे अर्धा भाग ३८४ बाइट, म्हणजे बरोबर १२ ओळी. एसटीएम३२एच७ वर आकडे कायम शून्यच येत असतील तर बफर डीटीसीएममध्ये (प्रोसेसरला थेट जोडलेल्या मेमरीत) गेलाय का बघा. तिथे डीएमए१ आणि डीएमए२ पोचत नाहीत.

ओव्हररन आला, म्हणजे आधीचा आकडा उचलण्यापूर्वीच एडीसीचा नवा आला, तर नुसता फ्लॅग पुसू नका. एडीसी आणि डीएमए दोन्ही थांबवून पहिल्या चॅनलपासून सुरू करा.

तपासणीसाठी सीटी काढून एडीसीच्या पिनांवर आरला १ व्होल्ट, वायला २ व्होल्ट आणि बीला ग्राउंड द्या. ३.३ व्होल्ट रेफरन्स आणि १२ बिटवर साधारण १२४१, २४८२ आणि ० यायला हवेत. रात्रभर चालवा. आकडे तेच राहून जागा बदलली, तर वायरिंगला हात लावू नका. बफरची लांबी आणि ओव्हररननंतरची सुरुवात बघा.