मॅक्रमे शिकायचंय? आधी किल्ल्यांचं किचेन करा

मॅक्रमे म्हणजे दोऱ्याला गाठी मारून वस्तू करायची कला. सांगलीत गणपती पेठेत दोरा घ्यायला गेलात तर चकचकीत नायलॉनवर जाऊ नका, तो निसटतो आणि नवीन हाताला गाठ बसतच नाही, साधा सुती दोरा घ्या ३ किंवा ४ मिमीचा. बाकी कात्री, टेप आणि किचेनची कडी, बास.

१ मीटरचे दोन दोरे कापा. मी पहिल्यांदा कंजुषी करून आखूड कापले आणि निम्म्यातच संपले, गाठी लय दोरा खातात. प्रत्येक दोरा मधोमध दुमडायचा, दुमडलेला भाग कडीमागून खाली आणायचा आणि दोन्ही टोकं त्यातून ओढून घट्ट करायची. आता चार पदर झाले. कडी टेबलाला टेपनं चिकटवा.

मधले दोन पदर हलवायचे नाहीत. डावा पदर मधल्या दोघांवरून उजवीकडे न्या, उजवा त्याच्यावर ठेवा, मग तोच उजवा मधल्यांच्या मागून नेऊन डावीकडच्या फटीतून वर काढा, ओढा. ही अर्धी गाठ. पुढची अर्धी उजवीकडून सुरू करायची, की झाली चौकोनी गाठ. बाजू बदलायची विसरलात तर पट्टी गोल पिळत जाते, पण ते पण भारी दिसतं, त्यामुळं उसवत बसू नका 😄

८-१० सेंमी झालं की चारही पदरांची एक गाठ मारा, खालची टोकं कंगव्यानं विंचरा, छान गोंडा होतो.

आमच्या आजीनं हे बघून विचारलं, शिंकं विणतीयस काय? तिचं पण बरोबरच आहे म्हणा, मॅक्रमेचा कुंडी टांगायचा हँगर म्हणजे शिंकंच की.