किनाऱ्याने चालत निघायचंय? आधी रेवसला नीट पोचा

अलिबागजवळचं रेवस ते सिंधुदुर्गातलं रेड्डी असं कोकणच्या किनाऱ्याकिनाऱ्याने चालायचं म्हटलं की सॅक कोणती, बूट कोणते यावर भरपूर चर्चा होते, पण रेवसला पोचायचं कसं आणि मुख्य म्हणजे किती वाजता, हे फारसं कोणी विचारत नाही. खरं तर पहिला दिवस चांगला जाणार की वाईट हे तिथंच ठरतं.

मुंबईहून येणाऱ्यांनी शक्यतो पाण्यातूनच यावं असं माझं ठाम मत आहे. हार्बर लाइनने डॉकयार्ड रोड, तिथून टॅक्सीने भाऊचा धक्का आणि धक्क्यावरून रेवसची लाँच. नवी मुंबईवाल्यांना दुसरा रस्ता जवळचा, जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते, उरणहून रिक्षाने करंजा आणि करंजावरून लाँचने खाडी ओलांडली की समोर रेवसच. गेटवेवरून मांडव्याची बोट किंवा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो (गाड्यांसकट नेणारी मोठी बोट) पण आहे, फक्त मग सुरुवात रेवसपासूनच करायची असेल तर मांडव्याहून रिक्षाने उलटं मागे यावं लागतं. पुण्याहून सरळ एसटीने अलिबाग आणि तिथून रेवसची गाडी. पावसाळ्यात गेटवेच्या बोटींचा विचारच नको, रेवसच्या लाँचचाही भरवसा धरू नका, आणि एरवीसुद्धा आदल्या दिवशी धक्क्यावर चौकशी करूनच निघा.

आता महत्त्वाचं. रेवसच्या जेट्टीपाशी गाळ आहे, पूर्ण ओहोटीला लाँच लागायला अडचण होते, कधी कधी फेरीच रद्द होते. म्हणून घड्याळाच्या आधी तिथी बघा. कोळीवाड्यातला हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि साडेबाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाणी उतरलेलं, सकाळच्या लाँचची पंचाईत, आणि तुम्ही वाळूवर पोचाल तेव्हा उधाणाचं पाणी पार सुरूच्या बनापर्यंत आलेलं, चालणार कुठून? त्यामुळे सुरुवातीला सप्तमी-अष्टमी पकडा. सकाळी लाँच बिनघोर लागते, रेवस ते मांडवा चिखल-खाजणाचा भाग असल्याने तो डांबरी रस्त्यानेच होतो, आणि पुढे सासवणे, आवास, किहीमची वाळू लागेपर्यंत पाणी उतरून घट्ट ओली वाळू चालायला मिळते. हा हिशोब तारीख ठरवायला, फायनल वेळ मुंबईच्या टाइड टेबलमधूनच, म्हणजे भरती-ओहोटीच्या छापील वेळापत्रकातूनच घ्या.

लाँचमध्ये चढताना सॅकचा कंबरेचा आणि छातीचा बेल्ट सोडून ठेवा, चुकून पाण्यात गेलात तर सॅक झटकन काढता आली पाहिजे. बोट लाटेबरोबर वर येते तेव्हाच पाय टाकायचा, खाली जाताना नाही, आणि खलाशी हात देतो तो मनगटाला धरा. उतरतानाही तसंच, पाणी कमी असेल तर जेट्टीच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या असतात, हिरवं शेवाळ आणि कडेला कालवांची धारदार शिंपं, तिथं अनवाणी किंवा गुळगुळीत चपलेने अजिबात उतरू नका. बूट घालूनच उतरा, भिजले तर भिजू देत.

सुट्टे पैसे जवळ ठेवा, पाणी निघतानाच भरून घ्या. संध्याकाळी पोचून रेवसलाच राहू असा प्लॅन नको, तिथं मुक्कामाची सोय गृहीत धरू नका, पहिला मुक्काम किहीमला धरा आणि घरगुती सोयवाल्यांना आधीच फोन करून ठेवा, जेवायला किती माणसं ते पण सांगा म्हणजे मासे त्या हिशोबाने आणतील. आणि तिथी लिहून घेतलेला कागद रेवसला फेकू नका, पुढे आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी आहेतच आणि त्यांच्यामधली वाळू चालायची वेळ त्याच हिशोबाने काढायचीय.