शाळेत वाचन ऐकायला जाताय? आधी गप्प बसायला शिका

प्राथमिक शाळेला मदत करायची म्हटलं की पालक स्नेहसंमेलनाची सजावट नाहीतर क्रीडादिनाचं पाणीवाटप मागून घेतात. ती कामं लागतातच, पण वर्षातून दोनदा. शिक्षकांना खरी निकड असते ती दर आठवड्याला ठरल्या वेळी येऊन एकेका मुलाचं वाचन ऐकणाऱ्या माणसाची. वर्गात ४० मुलं असतील आणि प्रत्येकाचं एकच मिनिट ऐकायचं ठरवलं, तरी ४० मिनिटं तिथेच संपतात. या कामाला पदवी लागत नाही. आजी-आजोबा, शेजारी, शाळेत स्वतःचं मूल नसलेलं माणूस, कुणीही चालतं.

मुख्याध्यापकांना भेटाल तेव्हा "काहीही सांगा, करते" असं म्हणू नका. त्याने त्यांचंच काम वाढतं. "मंगळवारी १० ते १०.३० येईन, वाचन ऐकेन" असं सांगा, आणि वर्षभर पाळता येईल तेवढाच वेळ कबूल करा. नोंदणी, ओळखपत्र, जी काही पडताळणी असेल ती कुरकुर न करता पूर्ण करा. स्वतःच्या मुलाचा वर्ग घेऊ नका. बसायचं ते येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल अशा जागी. बंद खोलीत एकट्या मुलासोबत कधीच नाही. मुलांचे फोटो काढायचे नाहीत.

आता मुख्य गोष्ट. माझे पहिले दोन महिने इथेच वाया गेले. दुसरीतली एक मुलगी शब्दाखाली बोट धरून वाचायची. 'आश्चर्य' आला की बोट थांबायचं. मला ती शांतता सोसायची नाही, मी लगेच शब्द सांगून टाकायचे. मग एक दिवस लक्षात आलं, अडली की ती पुस्तकाकडे बघतच नाही. बोट शब्दाखाली आणि नजर माझ्या तोंडाकडे. वाट बघत. ही सवय मी लावली होती, आणि ती मोडायला पुढचे कितीतरी मंगळवार गेले.

म्हणून मूल अडलं की मनात सावकाश ५ पर्यंत मोजा. खूप लांब वाटतं, तरी मोजा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात. तेच ३ सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. ते वर्गातल्या प्रश्नोत्तरांबद्दल होतं, पण वाचनातही मला अगदी हेच दिसलं आहे.

पाच मोजूनही जमलं नाही, तर शब्दाचा पुढचा भाग कागदाच्या कपट्याने झाका. आधी 'आश्', मग 'चर्', मग 'य'. रफाराचा घोळ बहुतेक मुलांचा होतो, कारण तो दिसतो 'य'च्या डोक्यावर आणि म्हणायचा 'य'च्या आधी. हे एकदा बोट ठेवून दाखवा. तरीही अडलं तर मात्र ताणू नका. शब्द सांगा, मुलाला म्हणू द्या आणि वाक्य पहिल्यापासून वाचायला लावा.

"सोपं तर आहे!" हे तोंडातून काढूच नका. न जमलेल्या मुलाला त्यातून एवढंच कळतं की आपल्याला सोपंही येत नाही. वाक्य संपेपर्यंत चूक दाखवू नका; बरीच मुलं स्वतःच मागे येऊन दुरुस्त करतात. 'घरी' ऐवजी घरच्या बोलीतलं 'घरला' वाचलं, अर्थ बिघडला नाही, तर सोडून द्या. एका पानावर पाच ठिकाणी अडलं तर पुस्तक जड आहे, बदला.

शेवटी वहीत तारीख, पान आणि अडलेले शब्द लिहून शिक्षकांना द्या. फाटकापाशी भेटलेल्या पालकांना यातलं काही सांगू नका. येणं जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. मूल पुस्तक काढून, पान उघडून बसलेलं असतं.