पंचवीस वर्षांनी बॅच भेटतेय? मेळावा आखताना या चुका टाळा

ऐंशी जण आणि प्रत्येकाला ओळख करून द्यायला तीन मिनिटं. हिशेब केला तर चार तास होतात. आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचच्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यात आम्ही तो हिशेब केलाच नव्हता. कार्यक्रमपत्रिकेवर 'परिचय : ११ ते १२' एवढंच छापलं होतं. पहिल्या काही जणांनी आठ-आठ, दहा-दहा मिनिटं घेतली. दीड वाजला तेव्हा पंचवीस जण झाले होते आणि जेवण खोळंबलं होतं. मग उरलेल्यांनी नाव, गाव, कंपनी एवढं सांगून माइक पुढे सरकवला. ज्यांचं खरंच ऐकायला हवं होतं, ते या उरलेल्यांत होते.

त्यानंतर आमच्या मागून पास झालेल्या दोन बॅचना आखणीत मदत केली. शनिवारी कोल्हापूरला कॉलेज, रात्री पन्हाळ्याला मुक्काम, रविवारी दुपारी जेवून परत असाच साचा तिन्ही वेळा होता. लोक एवढ्या लांबून येतात ते चार-सहा माणसांशी निवांत बोलायला. आखणीतली जवळजवळ प्रत्येक चूक हा बोलण्याचा वेळ खाऊन टाकते, नाहीतर ज्याच्याशी बोलायचं तोच येणार नाही अशी व्यवस्था करून ठेवते.

परिचयाचं सांगायचं तर माइक नकोच. महिनाभर आधी प्रत्येकाकडून तेव्हाचा एक फोटो, आत्ताचा एक फोटो आणि चार-पाच ओळी मागवून घ्या. त्याची छोटी पुस्तिका छापा आणि नोंदणीच्या टेबलावर हातात द्या. मग आठ-आठ जणांची टेबलं करा आणि अर्ध्या तासानं जागा बदलायला लावा. तासाभरात प्रत्येकाचं चौदा जणांशी बोलणं होतं, तेही समोरासमोर. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव मोठ्या अक्षरात हवं, कारण या वयात चष्म्याशिवाय बारीक अक्षर कुणालाच वाचता येत नाही.

तारीख परदेशातल्यांच्या सोयीनं ठरवणं

परदेशातले मित्र नाताळात येतात, म्हणून डिसेंबरचा शेवटचा आठवडा धरला जातो. नेमक्या त्याच आठवड्यात खोल्यांचे दर सर्वांत जास्त असतात आणि घाटात गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात. शिवाय सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाच्या घरात बहुतेक वेळा दहावी-बारावीतलं मूल असतं. जानेवारीत प्रिलिम आणि जेईई मेनचं पहिलं सत्र, फेब्रुवारी-मार्चात बोर्डाची परीक्षा. त्या काळात आई-वडील घर सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

आमच्या अनुभवात डिसेंबरचा तिसरा शनिवार चांगला. धनुर्मास लागलेला असतो, म्हणजे साधारण १६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत लग्नाचे मुहूर्त कमी असतात. त्यामुळे हॉल मिळतो, केटरर मिळतो, मांडववाला फोन उचलतो. कॉलेजात विद्यापीठाची परीक्षा चालू नाही ना, हे प्राचार्यांच्या कार्यालयात लेखी विचारून घ्या. परीक्षा असेल तर वर्गांकडे फिरकताही येत नाही. आणि कॉलेजचा कार्यक्रम रविवारी ठेवू नका. रविवारी लॅबला कुलूप, लायब्ररीला कुलूप, शिपाईमामा घरी. आपण पंचवीस वर्षांनी येतो आणि बंद दारांचे फोटो काढून परत जातो.

तारखेसाठी ग्रुपवर मत घ्यायचं तर दोनच पर्याय द्या. सगळ्यांना जमेल अशी तारीख नसतेच. निदान चार महिने आधी जाहीर करा. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि मुंबईहून रात्री निघणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस शनिवार धरून येणाऱ्यांसाठी सर्वांत सोयीची. तिचं तिकीट आरक्षण उघडेल त्याच दिवशी काढून ठेवावं लागतं. पुण्याहून शनिवारी सकाळी गाडीनं निघणारा दहाच्या कार्यक्रमाला पोचत नाही. त्याला शुक्रवारी रात्री मुक्कामाला यायला सांगा.

'ग्रुपवर टाकलंय' म्हणून निश्चिंत राहणं

आमची बॅच १६२ जणांची. व्हॉट्सअॅप ग्रुपवर होते ११८. बाकीच्या ४४ जणांबद्दल आम्ही 'ते कुठे संपर्कातच नाहीत' एवढं म्हणून गप्प बसलो. पुढच्या बॅचच्या वेळी हे काम नीट केलं तेव्हा कळलं की बहुतेक जण सापडतात, फक्त शोधणारा हवा. मुलींची आडनावं बदललेली असतात, म्हणून त्यांना मैत्रिणींमार्फतच शोधावं लागतं. गावाकडे शेती बघणारा, कोर्स अर्धा सोडलेला, नोकरी गेल्यावर ग्रुपमधून बाहेर पडलेला, असे मित्र ग्रुपवरच्या निमंत्रणानं येत नाहीत. त्यांना फोन करावा लागतो. तोही आयोजकानं नव्हे, त्यांच्या रूम पार्टनरनं. 'तू आलास तरच मी येतो' हे वाक्य फक्त तोच म्हणू शकतो.

एक गोष्ट मला फार लागते. मेळाव्यातल्या आठवणींचा कार्यक्रम बघता बघता बॉइज होस्टेलच्या आठवणींचा होऊन जातो. आमच्या बॅचमध्ये मुली मोजक्या होत्या. त्यांच्या होस्टेलचं दार संध्याकाळीच बंद व्हायचं, कट्टा त्यांच्या वाट्याला आलाच नाही. मग रात्री बारापर्यंत कट्ट्याचेच किस्से चालले तर त्या कशाला थांबतील? समितीत सुरुवातीपासून दोघी-तिघी हव्यात, आणि मुक्कामाच्या खोल्या, निघायच्या वेळा, रात्रीचा कार्यक्रम हे त्यांना विचारून ठरायला हवं.

हजेरीची यादी न तपासणं

जुन्या वर्गात बसून सरांनी हजेरी घ्यायची, हा कार्यक्रम आता बऱ्याच बॅच ठेवतात, आणि तो ठेवावाच. आमच्याकडे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सर आले होते. लाकडी बाकं तीच, फळा मात्र बदललेला. सरांनी 'रोल नंबर वन' म्हटलं आणि मागून 'प्रेझेंट सर' आलं, तेव्हा सगळा वर्ग हसला आणि लगेच शांतही झाला.

यादी होती पहिल्या वर्षाची. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले एकोणीस जण त्या यादीत नव्हतेच. तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी त्यांच्यातला एक बसला होता. नांदेडहून रात्रभर बसनं आलेला. नावं पुढे सरकत गेली तसा तो एकदा यादीकडे बघायचा, एकदा दाराकडे. मग त्यानं चष्मा काढला आणि यादी संपेपर्यंत तो रुमालानं पुसत राहिला. त्याचं नाव आलंच नाही. त्यानं कुणाला काही म्हटलंही नाही. मी त्याच्या शेजारी होतो, आणि यादी आणायचं काम माझ्याकडे होतं.

तेव्हा यादी शेवटच्या वर्षाची घ्या. त्यात डिप्लोमावाले येतात. वायडी, म्हणजे इयर डाउन, लागल्यामुळे एक वर्ष मागे राहिलेले तरीही सुटतात. ते आपल्यासोबत दोन-तीन वर्षं राहिले, जेवले, पण पास दुसऱ्या बॅचबरोबर झाले. त्यांना दोन्हीकडून निमंत्रण जायला हवं, आणि हजेरीत नाव हवं. यादी हातानं लिहून काढा आणि चार वेगवेगळ्या ब्रँचच्या मित्रांकडून तपासून घ्या. रोल नंबर सोडून नुसत्या नावांनी पुकारलं तर आणखी चांगलं. जे मित्र आता नाहीत, त्यांचं नाव यादीत पुकारून सगळ्यांना अचानक धक्का देऊ नका. सकाळी सर्वांत आधी, उभं राहून, नावं घेऊन श्रद्धांजली वाहा. त्यांच्या घरी आधी फोन करून कल्पना द्या आणि यायचं असेल तर बोलवा.

शिक्षकांच्या सत्काराचंही तसंच. चौदा जणांना शाल-श्रीफळ, प्रत्येकाचा परिचय, प्रत्येकाचं मनोगत असं धरलं तर दोन तास जातात, आणि पंच्याहत्तरीचे सर तेवढा वेळ व्यासपीठावर अवघडून बसतात. सत्कार वीस मिनिटांत उरका. मग प्रत्येक सरांना, मॅडमना पाठ टेकेल अशी खुर्ची द्या आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्याभोवती बसावं. त्यांना घरून आणायला आणि पोचवायला गाडी हवी. बसण्याची जागा तळमजल्यावर आणि स्वच्छतागृहाजवळ हवी. वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर, लॅब असिस्टंट, लायब्ररीतले, मेसमधले लोक यांना बोलवायला विसरू नका. कानशीनं घासायचा फायलिंगचा जॉब काटकोनात बसेपर्यंत चार वेळा परत पाठवणारे इन्स्ट्रक्टर ज्याला आठवत नाहीत, असा मेकॅनिकलचा विद्यार्थी मला भेटलेला नाही.

जेवणानंतर दीड तास मोकळा सोडा. ज्याला जिथे जायचं तिथे जाऊ दे: ड्रॉइंग हॉल, होस्टेलची खोली, कँटीन. या दीड तासात काहीतरी खेळ बसवायचा मोह समितीला होतो. तो आवरा. होस्टेलमध्ये मात्र आता मुलं राहतात, त्यांच्या खोलीत शिरण्याआधी रेक्टरमार्फत कल्पना गेलेली असू दे.

सरसकट एकच वर्गणी

माणशी सहा हजार रुपये ही रक्कम मोठ्या कंपनीतल्या माणसाला जाणवत नाही. विनाअनुदानित शाळेत शिकवणाऱ्याला ती जाणवते, आणि तो 'त्या दिवशी घरी कार्य आहे' असं सांगून मोकळा होतो. वर्गणीचे दोन भाग करा. शनिवारचा कॉलेजचा दिवस, नाश्ता-जेवण आणि पुस्तिका धरून, शक्य तितका स्वस्त. मुक्काम वेगळा, ज्याला हवा त्यानं. ज्यांना जास्त देता येतं त्यांच्याशी खजिनदारानं एकट्यानं बोलावं आणि कोणी किती दिले हे तिथेच राहावं. देणगीदारांची नावं फलकावर लावली की सहा हजारही न जमलेला मित्र तो फलक वाचत उभा राहतो.

कॉलेजला देणगी द्यायची असेल तर ते आवाहन मेळाव्यात नको, नंतर करा. आणि नीट माहिती घेऊन करा. रोख दोन हजार रुपयांच्या वर दिलं तर प्राप्तिकरात देणगीची वजावट मिळत नाही, नव्या कररचनेत तर ती नाहीच. परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला मित्र आपल्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो. ज्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलंय, त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी त्याची देणगी परकीय ठरते, आणि ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते. हे न बघता पैसे घेतले तर निस्तरायला संस्थेलाच लागतं.

रात्र डीजेच्या हवाली करणं

मोकळ्या जागेत रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. पन्हाळ्यावर तर वस्ती आहे, लोक राहतात. दहा वाजता बंद करावंच लागतं, आणि आमच्याकडे डीजे साडेनऊला सुरू झाला होता. गाणी हवीत तर सात ते नऊ ठेवा, आणि लॉनच्या दुसऱ्या टोकाला, आवाज पोचणार नाही तिथे, खुर्च्यांची वर्तुळं मांडा. ज्यांना नाचायचं ते नाचतात, ज्यांना बोलायचं त्यांना ओरडावं लागत नाही. दारूचा खर्च वर्गणीतून कधीही करू नका, पिणाऱ्यांनी वेगळा काढावा. रात्री घाट उतरून कोल्हापूरला परत जायचं ज्यांना आहे, त्यांच्यासाठी ड्रायव्हरसह गाडी ठरवलेली हवी.

जेवण वेळेवर हवं. पन्नाशीकडे आलेल्या ऐंशी जणांत मधुमेहाच्या गोळ्या घेणारे पुष्कळ असतात. त्यांना दुपारी एकला आणि रात्री साडेआठला ताट मिळालं पाहिजे. कोल्हापूरला आलो म्हणून शनिवारी रात्री तांबडा-पांढरा ठेवू नका. शनिवार पाळणारे खूप आहेत. रविवारी दुपारी ठेवा, तोही कालनिर्णयमध्ये एकादशी, संकष्टी बघून.

रविवारी सकाळी गडावर फिरायचं तर सातला निघा. तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी असं ज्याला जेवढं झेपेल तेवढं करावं. बऱ्याच ठिकाणी गाडी जवळ जाते, त्यामुळे गुडघे दुखणारेही सोबत राहतात. २०२५ साली हा गड इतर अकरा किल्ल्यांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. स्थानिक गाइड घ्या, तासभर छान जातो. क्रिकेट ठेवलं तर टेनिस बॉल, सहा षटकं आणि आधी दहा मिनिटं अंग मोकळं करणं. पळत धाव घेताना पोटरीचा स्नायू दुखावून एक जण आमच्याकडे परतीपर्यंत खुर्चीतच बसला होता. जवळचं रुग्णालय कुठलं हे माहीत असू दे, १०८ सगळ्यांच्या फोनमध्ये असू दे. मुक्काम गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी असेल तर समुद्रात पोहणं कार्यक्रमात नकोच, तिथलं पाणी धोक्याचं आहे.

नवरा-बायको-मुलांना शनिवारी कॉलेजात आणू नका. त्यांना आपल्या आठवणींतलं काही कळत नाही आणि मग आपलं लक्षही त्यांच्याकडेच राहतं. रविवार त्यांच्यासह ठेवा.

ऐन वेळी अडलं तर

शेवटच्या दोन दिवसांत दहा-बारा जण गळतातच. केटररला संख्या तीन दिवस आधी द्या, आणि 'येतो' म्हणालेल्यांपेक्षा दहा टक्के कमी ताटं सांगा. तो तेवढी वाढवू शकतो, कमी करत नाही. एखादं भाषण लांबलं तर चिठ्ठी पाठवून उपयोग होत नाही, समितीतल्या कुणीतरी हार घेऊन व्यासपीठावर जावं. जुन्या फोटोंचा स्लाइड शो प्रोजेक्टरमुळे अडला तर वेळ घालवू नका, छापील फोटो टेबलांवर पसरा. ते हातात घेऊन लोक जास्त बोलतात. सगळ्यांचा एकत्र फोटो शनिवारी जेवणाआधी काढा. रविवारी दुपारपर्यंत एक-एक करून लोक निघतात आणि तो राहून जातो.

हिशेब आठ दिवसांत ग्रुपवर टाका, बिलांच्या फोटोंसह. आणि त्याच आठवड्यात, आठवण ताजी असताना, जे आले नाहीत त्यांची यादी करा. प्रत्येक नावापुढे पुढच्या वेळी त्याला फोन कोण करणार त्याचं नाव लिहा आणि ती यादी दोघांकडे ठेवा.