शिरेतून गुंगी देऊन दाताचं काम करणार? सूचना आधीच लिहून घ्या

शिरेतून गुंगीचं औषध दिलं की पेशंट बोलतो, मान डोलावतो, पण डॉक्टरांनी काम संपल्यावर सांगितलेलं त्याला पुढे आठवतच नाही. मिडाझोलम या गुंगीच्या औषधाचा हा नेहमीचाच परिणाम आहे. म्हणून हे करा:

1. सुई लावण्याआधीच, सोबत आलेल्या माणसासमोर विचारून घ्या: कापसाचा बोळा किती वेळ दाबून धरायचा, पहिली गोळी कधी, गुळण्या कधीपासून, रक्त थांबलं नाही तर फोन कुणाला करायचा.

2. उत्तरं सोबतच्या माणसाने स्वतःच्या मोबाइलवर टिपावीत. पेशंटच्या फोनवर नकोत. तो लॉक असतो आणि पेशंट पेंगत असतो.

3. गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने वेळ लिहा. दिलेला डोस पुन्हा दिला जाण्याची भीती इथेच जास्त असते, म्हणून प्रत्येक गोळीनंतर खूण करा.

जाताना सैल बाह्यांचा कपडा घाला आणि नेलपॉलिश काढा, म्हणजे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर नीट चालतो.

एक मात्र पाळाच: पेशंट कितीही “मी ठीक आहे” म्हणाला, तरी 24 तास त्याच्या हातात गाडीची किल्ली देऊ नका.