छोट्या फॅन कन्व्हेन्शनला जाताना

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या सायन्स फिक्शन कन्व्हेन्शनला, म्हणजे चाहत्यांच्या संमेलनाला, जाणार असाल, तर ते ज्या हॉटेलात भरतं तिथेच खोली घ्या. थोडी महाग पडेल, पण खरी मजा रात्री उशिराच सुरू होते: खोल्याखोल्यांतल्या पार्ट्या आणि फिल्कची बैठक. फिल्क म्हणजे या चाहत्यांची स्वतःची गाणी. ओहायोत कोलंबस भागात १९८०च्या दशकापासून फक्त त्यासाठी ‘ओहायो व्हॅली फिल्क फेस्ट’ भरतो. बऱ्याच बैठकांत गोलात बसलं की प्रत्येकाची गाण्याची पाळी येते. मग स्वतः गा, कुणाला तरी फर्माईश करा, नाहीतर पाळी पुढच्याला द्या. बेसूर असलात तरी चालतं. गाण्यात गप्पा मारलेल्या मात्र कुणाला खपत नाहीत.

वेशभूषा करणार असाल तर बसता येईल आणि बाथरूमला जाता येईल अशी करा. (हे हमखास विसरलं जातं.) सुईदोरा, सेफ्टी पिना जवळ ठेवा. नकली तलवार नेण्याआधी नियम वाचा. दुसऱ्याचा फोटो विचारूनच काढा, पोशाखाला हात लावू नका.

मुरलेली मंडळी ५-२-१ सांगतात: रोज किमान ५ तास झोप, २ वेळा जेवण, १ आंघोळ. आयोजकांनी सगळ्यांसाठी ठेवलेल्या पाहुणचाराच्या खोलीतले फुकट चिप्स जेवणात धरायचे नाहीत. आणि शेवटचा आकडा गाळणारे लिफ्टमध्ये लगेच ओळखू येतात.